निवडुंग कुणी खाल्ला?

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. वारीत तुकोबांची पालखी पुण्याला आली की तिचा मुक्काम इथंच असतो. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून देवाला हे नाव पडलं, अशी आख्यायिका. आज त्या पेठेत निवडुंग औषधालाही मिळायचा नाही. पेठेचं एक वेळ समजू शकतं, तिथं घरावर घर चढलं. पण नगर, सोलापूर, साताऱ्याकडच्या गावांत गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठानं, पडक्या गढ्यांभोवती पुरुषभर उंचीची फड्या निवडुंगाची बनंच्या बनं होती. ती कुठं गेली?

तोडून संपणारी ती जात नव्हे. कुऱ्हाडीनं फडी खाली पाडली तर पडल्या जागी मूळ धरते. तुकडे केले तर जितके तुकडे तितकी झाडं. जाळावं तर फडीत पाणी इतकं की आग आतपर्यंत पोचत नाही. बोंडं पाखरं खातात आणि बिया कोसभर लांब टाकतात. जुन्याजाणत्या माणसांना विचारलं तर ती म्हणायची, कीड पडली आणि निवडुंग गेला. यात अर्धंच खरं आहे. ती कीड पडली नव्हती, पाडली होती. ती कुणी, कुठून आणि कशासाठी आणली हे शोधत मागं गेलं की चार समुद्र ओलांडावे लागतात, आणि शेवटी हाती लागते ती तांबडा रंग स्वस्तात मिळवायच्या नादात झालेली एक गफलत.

आधी निवडुंगांची नीट विभागणी करून घेऊ. आपल्या डोंगरांवरचा चीक येणारा निवडुंग देशी. तो थोर-शेराच्या कुळातला. फड्या निवडुंगाला चीक नाही. तो कॅक्टस म्हणजे मूळचा अमेरिकेचा, आपल्याकडे बहुधा पोर्तुगीज जहाजांतून आलेला. त्याच्याही निदान दोन जाती इथं रुजल्या. एक पातळ, हिरव्यागार फड्यांची आणि कमी काट्यांची. शास्त्रज्ञ तिला ओपन्शिया मोनाकँथा म्हणतात. दुसरी जाड फड्यांची, पिवळ्या दणकट काट्यांची, ओपन्शिया डिलेनी. दख्खनच्या गावांना वेढा घालून बसली होती ती ही दुसरी. हा फरक तेव्हा कुणाला फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. पुढं सगळं घोडं तिथंच अडलं.

आता किडा. फडीवर तो दिसतो तो कापसाच्या चिमटीसारखा: पांढरा, पिंजलेला, जरा चिकट. नखानं तो कापूस बाजूला सारला तर आत मसुरीपेक्षा लहान, गोल, करडा-जांभळा मणी असतो. दाबला की बोट रक्तासारखं लाल होतं, आणि तो लाल सहजी धुऊन जात नाही. हा मणी म्हणजे मादी. तिला पंख नाहीत, पाय असून नसल्यासारखे. सोंड फडीत रुतवून ती एकदा बसली की मरेपर्यंत तिथंच. नर चिलटाएवढा, त्याला पंख असतात पण तोंड नसतं, कारण काही खाण्याइतका तो जगतच नाही. नुकती जन्मलेली पिल्लं मेणाच्या तंतूंवर वाऱ्यासोबत तरंगत शेजारच्या फडीवर जातात. एवढाच यांचा स्वतःच्या बळावरचा प्रवास. महासागर ओलांडायला त्यांना जहाज लागतं आणि जहाजावर जिवंत फडी लागते.

मादीच्या अंगातला तो लाल म्हणजे कार्मिनिक आम्ल. मुंग्यांनी खाऊ नये म्हणून तिनं जमवलेलं विष. माणसानं त्यावरच धंदा उभा केला. मेक्सिकोत वाहाका भागातल्या लोकांनी हा किडा पिढ्यान्‌पिढ्या शेरडं-मेंढरं पाळावीत तसा पाळला होता. पोटुशा माद्यांना तंतूंच्या लहान घरट्यात घालून ते घरटं फडीला अडकवायचं, पिल्लं पसरू द्यायची, पावसापासून आणि थंडीपासून फड्या झाकायच्या, तीनएक महिन्यांनी किडे ब्रशनं झाडून घ्यायचे, मग उन्हात किंवा वाफेत मारून वाळवायचे. एका पौंडाला साधारण ७०,००० किडे लागत. १५२१ मध्ये स्पेननं मेक्सिको घेतला तेव्हा सोन्याचांदीच्या शोधात निघालेल्या लोकांच्या हाती हा वाळका माल लागला. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं मेक्सिकोतून निघणाऱ्या स्पॅनिश गलबतांत चांदीच्या खालोखाल किमतीचा माल हाच असे. वाळलेला किडा दिसतो धान्याच्या दाण्यासारखा, आणि स्पॅनिश व्यापारीही त्याला दाणाच म्हणत. त्यामुळं हे बी आहे की जनावर यावर युरोपात शंभर-दीडशे वर्षं वाद चालला. लेवेनहुकनं भिंगाखाली पाय आणि अंडी दाखवली तेव्हा कुठं तो मिटत आला. स्पेनला या गोंधळाची अडचण नव्हती, उलट सोय होती. जिवंत किडा देशाबाहेर न्यायला बंदी होती, आणि ज्याला किडा आहे हेच माहीत नाही तो चोरणार काय?

तरी चोरी झालीच. १७७७ मध्ये तिएरी द मेनोंव्हिल नावाचा एक फ्रेंच माणूस वनस्पतींचा शोध घेत फिरणाऱ्या वैद्याच्या मिषानं व्हेराक्रूझला उतरला, तिथून वाहाकात गेला आणि फड्यांसकट किडे विकत घेऊन, पेट्यांत इतर रोपांच्या खाली दडवून कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत घेऊन आला. तीन वर्षांत तो वारला. त्यानं आणलेला पाळीव, उत्तम रंगाचा किडाही त्याच्यामागं टिकला नाही. टिकला तो रानटी भाऊबंद: रंगाला हलका, अंगावर कापूस जास्त, पण चिवट. मला या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट ही वाटते. माणसानं निवड केली रंगासाठी. जहाजानं निवड केली चिवटपणासाठी. शिडाच्या जहाजावर महिनोन्‌महिने खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई, सडणाऱ्या फड्या. लाडात वाढलेला किडा त्यात मरणार आणि रानटी जगणार, हे ठरलेलंच होतं. पुढची चूक या ठरलेल्यातूनच निघाली.

इंग्रजांचा प्रश्न साधा होता. त्यांच्या अधिकाऱ्यांचे लाल डगले स्पेनच्या किड्यावर रंगत आणि स्पेनशी वरचेवर लढाई होई. हिंदुस्थानात लाखेचा लाल होता, पळसा-कुसुंबावरच्या किड्यापासून निघणारा. पण लंडनच्या रंगाऱ्यांना हवा असलेला झळझळीत शेंदरी त्यातून निघत नसे. मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता, जेम्स अँडरसन. १७८६ मध्ये त्याला तिथल्या गवतावर कोचिनीलसारखा, म्हणजे मेक्सिकोच्या त्या रंगाच्या किड्यासारखा, दिसणारा एक किडा सापडला आणि माणूस झपाटला. लंडनला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सला पत्रांवर पत्रं गेली. गवतावरचा किडा कुचकामी निघाला, पण कल्पना रुजली: मेक्सिकोतून नाही तर आणखी कुठून तरी खरा किडा आणू आणि मद्रासेला रंग पिकवू. सैदापेठेला निवडुंगाची बाग उभी राहिली. अँडरसनचा भाचा अँड्र्यू बेरी तिची देखरेख करी. क्यूच्या बागेतून आणि इतर ठिकाणांहून निवडुंगाच्या जाती मागवल्या गेल्या. कंपनीनं खरा किडा आणणाऱ्याला २,००० पौंडांचं बक्षीस लावलं. म्हणजे गोठा बांधला, वैरण भरली, आणि म्हैस यायची बाकी.

ती आली १७९५ मध्ये. नीलसन नावाचा एक कॅप्टन आपल्या पलटणीकडं परतत असताना त्यांचा ताफा रिओ द जानिरोला थांबला. तिथं त्याला निवडुंगावर पांढरा कापूस दिसला. मद्रासच्या डॉक्टरचा ध्यास त्याला ठाऊक होता; त्यानं किड्यासकट काही फड्या जहाजावर चढवल्या. वाटेत जे जगले ते कलकत्त्याला उतरले आणि वनस्पती उद्यानाच्या विल्यम रॉक्सबर्गच्या हाती पडले. रॉक्सबर्गनं हाताशी होते ते सगळे निवडुंग किड्यापुढं ठेवून पाहिले. खास मागवलेल्या उंची निवडुंगांवर किडा धरेना. बंगालात कुंपणाला लावलेल्या साध्या, पातळ फड्यांच्या निवडुंगावर मात्र असा माजला की बघता बघता झाड पांढरं झालं. याचं कारण कळायला पुढं शंभराहून जास्त वर्षं गेली. तो किडा मेक्सिकोचा नव्हताच. तो ब्राझीलकडचा रानटी किडा, आणि बंगालच्या कुंपणावरचा मोनाकँथा निवडुंगही मूळचा त्याच किनाऱ्याचा. दोघं वेगवेगळ्या जहाजांतून, वेगवेगळ्या काळी निघाले आणि हुगळीच्या काठी त्यांची गाठ पडली.

किडा बंगालातून मद्रासेलाही गेला आणि दोन्हीकडं रंगाचा व्यापार सुरू झाला खरा. कुंपणांवरून किडे झाडून घ्यायचे, वाळवायचे, पिंपांत भरून लंडनला धाडायचे. लंडनच्या बाजारात हा माल मेक्सिकोच्या मालापुढं फिका पडला; भाव पडेल तो घ्यावा लागे. सैदापेठेची बाग १८०० मध्ये मोडली आणि तिथली कामाची झाडं बंगळूरला लालबागेत गेली. अँडरसननं त्याआधी निवडुंगाची फडी खलाशांना स्कर्व्हीवर खायला द्यावी असाही एक उद्योग करून पाहिला होता, आणि तो त्याच्या रंगाच्या उद्योगापेक्षा शहाणपणाचा होता असं मला वाटतं. फडी जहाजावर महिनोन्‌महिने ताजी राहते आणि तिची भाजी मेक्सिकोत आजही रोज होते. खरा, पाळीव किडा शेवटी कॅनरी बेटांवर रुजला तो १८२० च्या दशकात. आणि १८५६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पर्किननं डांबरापासून जांभळा रंग काढला, त्यामागून कृत्रिम लालही आले, आणि किड्याच्या रंगाचं साम्राज्यच आटोपलं. आता कार्मिन उरलंय ते लिपस्टिकमध्ये आणि गुलाबी दही-सरबतांच्या डब्यांवर बारीक अक्षरांतल्या ई-१२० मध्ये. तो माल मुख्यतः पेरूमधून येतो.

रंग बुडाला, पण किडा राहिला. आणि त्यानं मालकांच्या नकळत दुसरंच काम करून टाकलं. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातला मोनाकँथा निवडुंग त्यानं शोषून शोषून संपवला. किड्यांची पैदास करणाऱ्यांच्या दृष्टीनं हे संकट होतं, कारण वैरणच संपली. शेतकऱ्यांना मात्र यात वेगळंच काही दिसलं. १८३६ ते १८३८ च्या सुमाराला दक्षिणेत हा किडा नेला गेला तो रंगासाठी नव्हे, निवडुंग मारण्यासाठी. मग १८६५ च्या आधी तो तिथून सिलोनला गेला, त्याच कामासाठी. तणाचा बंदोबस्त करायला मुद्दाम एका देशातून दुसऱ्या देशात नेलेला हा जगातला पहिला किडा, असं कीटकशास्त्राची पुस्तकं सांगतात. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १८९६ मध्ये, सिलोनचा कीटकशास्त्रज्ञ अर्नेस्ट ग्रीन याच्याकडून. ब्राझीलचा हा किडा त्यामुळं आजही कागदोपत्री सिलोनी आहे: डॅक्टिलोपियस सिलोनिकस.

दख्खनेत मात्र हा किडा काहीच करू शकला नाही. इथला निवडुंग डिलेनी, आणि सिलोनिकस त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही. एकीकडं उत्तरेतला निवडुंग नाहीसा होत होता आणि इकडं गावांचे रस्ते अरुंद होत होते. निवडुंगात साप, विंचू, डुकरं. पडीक जमीन एकदा त्यानं धरली की नांगराखाली यायची नाही. बोंडांवरची ती बारीक कुसं पोरांच्या ओठांत रुतून बसायची, आणि तोंड मात्र लालभडक. पण हाच निवडुंग दुष्काळात कामाला येई. कडबा संपला, पाला संपला की फड्या आणून जाळावर धरायच्या, काटे करपवायचे आणि तुकडे करून बैलांपुढं टाकायचे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानंही दुष्काळी चारा म्हणून त्याचे प्रयोग केले. पोट बिघडायचं, पण जनावर तगायचं. निवडुंगाला शिव्या घालणारा शेतकरी तो मुळासकट काढायला का धजत नव्हता, याचं एक कारण हे असावं.

यापुढची मेहनत झाली ती ऑस्ट्रेलियात, आणि तिथंही सुरुवात रंगानंच झाली होती. १७८७ मध्ये कैद्यांना घेऊन निघालेला पहिला ताफा रिओला थांबला आणि ताफ्याचा प्रमुख आर्थर फिलिप यानं लाल डगल्यांसाठी किडे लागलेला निवडुंग सोबत घेतला. किडे मेले, झाडं जगली. नंतर कुणी कुंडीतून, कुणी कुंपणासाठी आणखी जाती आणल्या. त्यातली एक, आपल्या डिलेनीची सख्खी बहीण, क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या रानांत सुटली. १९२५ पर्यंत तिनं सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक. माणसं घरदार टाकून निघून गेली.

१९१२ मध्ये क्वीन्सलँड सरकारनं हार्वे जॉन्स्टन आणि हेन्री ट्रायन या दोघांना जगाच्या फेरीवर धाडलं: जिथं जिथं निवडुंग आहे तिथं जा आणि त्याला काय खातं ते बघा. किडा आणि झाड यांचं नातं ठरवण्यासाठी इतका पद्धतशीर जलप्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. ते सिलोन, हिंदुस्थान, आफ्रिका, अमेरिका असे फिरले. आता जहाजं वाफेची होती. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला होता आणि पिंजऱ्यात जिवंत फडीवर किडा टिकवणं शक्य झालं होतं. शिडाच्या जहाजावर योगायोगानं जे जगेल ते, ही मजबुरी संपली होती. त्यांनी इथून सिलोनिकस नेला. रंगाची चूक म्हणून बदनाम झालेला किडा औषध म्हणून क्वीन्सलँडला उतरला आणि १९१४ नंतर तिथला मोनाकँथा त्यानं साफ केला. मुख्य वैऱ्यावर मात्र तिथंही त्याची मात्रा चालली नाही. तेव्हा पुढच्या लोकांनी अमेरिकेतून दुसरा किडा आणला, डॅक्टिलोपियस ओपन्शी. दिसायला तोच पांढरा कापूस, दाबल्यावर तोच लाल. खाणं मात्र वेगळं.

त्याचा आपल्याकडचा प्रवास फार लवकर झाला. १९२४ मध्ये ऑस्ट्रेलियातून सिलोनला, १९२६ मध्ये सिलोनमधून दक्षिण हिंदुस्थानात. तामिळ मुलखात हा किडा असा फिरला की पाच-सहा वर्षांत सुमारे ४०,००० हेक्टरवरचा निवडुंग आडवा झाला. मद्रासचे कीटकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनी १९३१ मध्ये या किड्यांवर शास्त्रीय लेख लिहिला तोवर गावोगावचे लोक किडे लागलेल्या फड्या उचलून पुढच्या बनात टाकायला शिकले होते. पद्धत तेवढीच: फडी न्यायची आणि टाकायची. पुढचं वारा बघतो. दख्खनेतही त्याच्याचकडून काम झालं. आधी फडी पिवळी पडते, मग तिची कड सुरकुतते, मग सांध्यातून गळून खाली पडते आणि चिखलासारखी बसते. काही दिवस घाण वास. पुढच्या पावसाळ्यात तिथं गवत.

आपल्याकडं निवडुंगाचं कुणी सुतक पाळलं नाही. जमीन मोकळी झाली, गावाचे रस्ते रुंद झाले. दुष्काळी चारा गेला हे खरं, पण त्याच्यावाचून कुणाचं अडून राहिलं नाही. मादागास्करच्या दक्षिण टोकाला मात्र हीच कहाणी उलटी घडली, आणि ती जरा थांबून सांगायला हवी. तिथं १७६९ च्या सुमाराला एका फ्रेंच सरदारानं ठाण्याच्या रक्षणासाठी निवडुंग लावला. पुढं तांद्रुई लोकांनी तो आपलासा केला. पाऊस नसलेल्या महिन्यांत त्यांची गुरं फडीवर जगत. फडीतलं पाणी हेच त्यांचं पाणी. बोंडं माणसं खात. आणि गावांभोवतीची निवडुंगाची भिंत इतकी दाट की १९०० च्या आसपास फ्रेंच फौजांना आत शिरणं जिकिरीचं झालं. फ्रेंच अंमलदारांना हा निवडुंग डोळ्यांत खुपे. मोकळं रान आणि राबायला बाहेर पडणारी माणसं त्यांना हवी होती. १९२३-२४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ पेरिये द ला बाथी यानं तिथं कोचिनीलचा किडा सोडला. चार-पाच वर्षांत दक्षिणेचा निवडुंग संपला. १९३० च्या सुमाराला दुष्काळ आला तेव्हा गुरांच्या पुढं टाकायला काही नव्हतं. गुरं मेली, माणसं मेली, उरली ती उत्तरेकडं मळ्यांवर मजुरीला गेली. तामिळ मुलखात जे यश म्हणून नोंदवलं गेलं, तांद्रुईंच्या आठवणीत ते खून म्हणून नोंदलं गेलं. किड्यानं दोन्हीकडं केलं ते एकच.

म्हणूनच उपद्रवी तण असा शिक्का वाचला की मी आधी बघतो की तो मारला कुणी.

ऑस्ट्रेलियानं स्वतःच्या मुख्य वैऱ्यासाठी शेवटी एक पतंग वापरला, कॅक्टोब्लास्टिस. १९२५ मध्ये अर्जेंटिनातून २,७५० च्या आसपास अंडी जहाजानं आली. अ‍ॅलन डॉडच्या लोकांनी त्यांची कोट्यवधी केली आणि सात-आठ वर्षांत रानं मोकळी झाली. बूनार्गा गावात या अळीच्या नावानं सभागृह बांधलंय. पण हाच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियनच्या नेव्हिस बेटावर नेला, आणि १९८९ मध्ये तो कुणी मुद्दाम न आणता फ्लोरिडात दिसला. २००६ मध्ये मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेसवर. ज्या देशाच्या झेंड्यावर गरुड निवडुंगावर बसलेला आहे, जिथं निवडुंग हे पीक आहे, भाजी आहे, तिथं ही अळी पोचणं म्हणजे काय, याची कल्पना करावी. मेक्सिकोनं झाडं तोडून, सापळे लावून ती बेटावरच संपवली.

कोचिनीलच्या शत्रूंचीही या गोष्टीत एक शाखा आहे, आणि ती थेट नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांपर्यंत येते. द्राक्षावरचा पिठ्या ढेकूण हा कोचिनीलचा दूरचा नातलग. त्याच्यासाठी बागायतदार क्रिप्टोलेमस नावाचा भुंगेरा सोडतात. हा ऑस्ट्रेलियाचा, हिंदुस्थानात १८९८ मध्ये कॉफीच्या मळ्यांसाठी आणलेला. त्याला पिठ्या ढेकूण आणि कोचिनील यांत भेद करायचं कारण नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही गोड. दक्षिण आफ्रिकेत निवडुंगावर सोडलेला कोचिनील हा भुंगेरा खाऊन टाकू लागला, तेव्हा तिथल्या सरकारनं कोचिनील वाचावा म्हणून निवडुंगावर डीडीटी फवारलं. किड्याला जगवायला कीटकनाशक! शेतीच्या इतिहासात याहून चक्रावणारी फवारणी मला तरी सापडलेली नाही.

१७९५ पासून कोण कुठला किडा घेऊन फिरत होतं याचा शास्त्रीय निकाल लागला तो अगदी अलीकडं. १९७४ मध्ये कीटकशास्त्रज्ञ दे लोत्तो यानं या कुळातल्या जाती नीट वेगळ्या केल्या आणि जुन्या नोंदींतली एकमेकांवर चढलेली नावं सोडवली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी आणखी एक खोलातली गोष्ट दाखवली. ओपन्शी या एकाच जातीत दोन वाण आहेत. एक डिलेनी-कुळातल्या निवडुंगावर पोसतो आणि भाजी-फळांच्या निवडुंगावर खुरटतो. दुसऱ्याचं नेमकं उलटं. आफ्रिकेत कित्येक वर्षं चुकीच्या वाणाकडून कामाची अपेक्षा केली जात होती. बरोबर वाण त्यांनी १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून मागवला.

हे सगळं आज पुन्हा महत्त्वाचं झालंय, कारण निवडुंग परत येतोय. उरुळी कांचनच्या बायफ या संस्थेनं बिनकाट्यांचा निवडुंग चाऱ्यासाठी लावून दाखवला; कोरडवाहू भागात शेळ्यांना आणि दुभत्या जनावरांना त्याच्या चिरलेल्या फड्या कडब्यासोबत मिळू लागल्या आहेत. केंद्राच्या भूसंसाधन विभागानंही पाणलोट क्षेत्रात असा निवडुंग लावायचं धोरण घेतलंय. ही भाजी-फळांची जात. दरम्यान भूमध्य समुद्राच्या काठी याच जातीची धूळधाण झाली: ओपन्शी किडा इस्रायलमध्ये २०१३ मध्ये, मोरोक्कोत २०१४ मध्ये दिसला, आणि मोरोक्कोत गावांची निवडुंगाची कुंपणं आणि फळबागा हजारो हेक्टरांनी उखडून जाळाव्या लागल्या.

ओपन्शी आपल्याकडं आधीच आहे, पण वंशावळ बघता तो ऑस्ट्रेलियातून आलेला पहिला वाण. बिनकाट्यांच्या निवडुंगावर त्याचं फारसं बस्तान बसू नये. मोरोक्कोतला वाण दुसरा. फड्यांची देवाणघेवाण देशोदेशींच्या संस्थांत चालू आहे, आणि विलगीकरणात फडी तपासणाऱ्याला पांढरा कापूस दिसला तर तो खरवडून भिंगाखाली घ्यायचा एवढं त्याला ठाऊक असतं. भिंगाखाली मात्र दोन्ही वाण सारखेच दिसतात. कोणता कोण, हे ठरवायला किडा दोन निवडुंगांवर सोडून कुठं जगतो ते बघावं लागतं. त्याला दोन-तीन महिने लागतात.